मंजिरीचं वाक्य

आर. के. पुरम, नवी दिल्ली
२५ जून २०२४

प्रिय चंदा आजी,
जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईल तू घेत नाहीस, म्हणून बाबांनी मला ही पाकिटं आणून दिली. म्हणाले, "आत्यानं भंडाऱ्याला बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. तिलाच विचार." पत्र पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर लाल पेन लावू नकोस, प्लीज.

सिव्हिल सर्व्हिसेसची प्रीलिम बरी गेलीय. प्रॉब्लेम मराठी साहित्याचा आहे. मागच्या वर्षी त्याच पेपरात माझे मार्क गेले. आमच्या क्लासच्या सरांनी 'संगीत शीलमंजिरी' नावाचं सव्वाशे वर्षांपूर्वीचं नाटक झेरॉक्स करून दिलंय. म्हणतात, हे एक नाटक समजलं की सगळी जुनी भाषा समजेल. अच्छा, मी वाचायला घेतलं. मंजिरी कुंभाराची मुलगी. प्रधानाचा मुलगा तिच्याशी गुपचूप लग्न करतो आणि नंतर ओळख दाखवत नाही. ती म्हणते, "नाथ, माझा अव्हेर करू नका." मला वाटलं अवेअर. म्हणजे तिला काहीतरी माहीत करून घ्यायचं नाहीये. मी तसं उत्तर लिहून दिलं आणि सरांनी ते क्लासमध्ये वाचून दाखवलं. 'पाणिग्रहण' म्हणजे पाणी पिणं नव्हे, हेही त्याच दिवशी कळलं.

घरी आपण मराठीच बोलतो ना यार? मग ही कुठली मराठी? वाचताना वाटतं की मी चुकून कुणाच्या तरी घरात शिरलेय, आणि आतले सगळे बोलायचे थांबून माझ्याकडे बघतायत.

अडलेले शब्द मागच्या पानावर लिहिलेत. लवकर सांग.

तुझी,
प्राची


भंडारा
४ जुलै २०२४

चि. प्राची,

तुझ्या शब्दांचे अर्थ वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवले आहेत. अव्हेर म्हणजे नाकारणं, झिडकारणं. कठीण शब्द नाही. ज्याचा अव्हेर झाला त्याला तो कोशाशिवाय कळतो.

तू नाटक डोळ्यांनी वाचतेस, म्हणून अडतेस. ही भाषा कानासाठी लिहिलेली आहे. कुणाच्या तरी तोंडून ऐकशील तर निम्मे अर्थ आपोआप उलगडतील. कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटतं म्हणतेस, तर शीर. ते घर आपलंही आहे.

तुझ्या दिल्लीत एक माणूस आहे. श्रीरंग साठे. पन्नास वर्षांपूर्वी तिथली मराठी सरकारी मंडळी हौसेनं नाटकं बसवायची, त्यात हे असत. शीलमंजिरी त्यांना तोंडपाठ होतं. एका जुन्या स्मरणिकेत त्यांचा द्वारकेचा पत्ता आहे, तो देते. जाऊन बघ. नाव विचारलं तर प्राची एवढंच सांग, आडनावाची गरज नाही. माझं नावही काढू नकोस. म्हाताऱ्या माणसांना उगाच ओळखी सांगत बसू नये.

तब्येत सांभाळ.

चंदा आजी


आर. के. पुरम
२१ जुलै २०२४

प्रिय आजी,

जाऊन आले. एकदा नाही, तीनदा.

सोसायटीत नववा मजला. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. कल्पना ताई. चांगल्या आहेत. मी नाटकाचं सांगितल्यावर त्यांनी मला आत घेऊन दार लावलं. मग म्हणाल्या, "बाबा दोन वर्षांपासून कुणाशी बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, विसरायचा आजार आहे. पण रोज चार वाजता ते बोलतात. तू बस, ऐक."

हॉल आणि जेवायच्या जागेमध्ये त्यांच्याकडे एक जाड मरून पडदा आहे. चार वाजायच्या आत साठे आजोबा आतून आले. उंच, पाठीत वाकलेले, इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे बघून थांबले. मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही. ते पडद्यामागे गेले आणि तिथल्या लाकडी खुर्चीवर बसले, अंगावर पडदा ओढून घेऊन. मग बोलायला लागले. मोठ्यानं नाही, कुजबुजल्यासारखं. पण एकेक अक्षर स्वच्छ.

आजी, ते शीलमंजिरी होतं! मी पटकन झेरॉक्स काढली आणि बोट ठेवून ऐकत गेले. "ह्या दुर्भागिनीच्या वचनावर आपला विश्वास न बसावा, हे माझ्या दैवाचे विडंबन होय." वाचून मला काही कळलं नव्हतं. त्यांनी 'विश्वास'वर श्वास घेतला आणि मला रडू आलं. तू बरोबर होतीस. त्यांची बाकीची वाक्यं मागच्या पानावर लिहिलीत.

एक गोष्ट मात्र विचित्र आहे. ते एक वाक्य बोलतात आणि थांबतात. जितका वेळ ते वाक्य बोलायला लागेल, तितकाच वेळ. मग पुढचं. विमान वरून गेलं तरी ते थांबणं चुकत नाही. मी विचारलं तर कल्पना ताई म्हणाल्या, "ते कुणाचं तरी ऐकतात."

आणि तिसऱ्या अंकात, राजसभेत, राजा मंजिरीला विचारतो, "सांग, तू कोण?" एवढं म्हणून ते बंद पडतात. तीनही दिवस तिथेच. ओठ हलतात, आवाज येत नाही. मग धाप लागते आणि कल्पना ताई त्यांना आत नेतात. पुढे काय आहे मला बघता आलं नाही, कारण माझ्या झेरॉक्समध्ये साठनंतर एकदम बासष्ट आहे. पान एकसष्ट तुझ्याकडे असेल का?

आणि सांग, ते राजाचं काम करायचे की प्रधानाच्या मुलाचं?

प्राची


भंडारा
३० जुलै २०२४

चि. प्राची,

नीट वाच. तू लिहून पाठवलेली सगळी वाक्यं मंजिरीची आहेत. प्रधानपुत्राचं एकही नाही; राजाचा तेवढा एक प्रश्न आहे, तोही तिला पुढचं वाक्य सुचावं म्हणून. पुरुष असून ते बाईचीच वाक्यं का म्हणतात, तीही कुजबुजून, आणि पडद्याआड बसून? हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं.

ते अभिनय करत नाहीत. ते प्रॉम्प्टर होते. नट अडला तर त्याला विंगेतून शब्द द्यायचा, हे त्यांचं काम होतं. ते अजून शब्द देत आहेत. वाक्य सांगतात, आणि समोरची ते म्हणेपर्यंत थांबतात.

पान एकसष्ट माझ्याकडे नाही.

ते अडतात तिथे त्यांचा चेहरा कसा होतो? हात कुठे असतात? मला सगळं लिही. अगदी बारीकसुद्धा.

चंदा आजी


आर. के. पुरम
२५ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आजीस,

पत्रास विलंब जाहला, याची क्षमा असावी. आठवड्यातून चार दिवस द्वारकेस जाणे होते. सरांनी माझी उत्तरे पाहून विचारले, "अचानक कुणाकडे शिकतेस?" मी केवळ किंचित् हसले.

तू पृच्छा केलीस म्हणून लिहिते. अडतात तेव्हा त्यांचे दोन्ही हात मांडीवर असतात, तळवे जोडलेले. प्रथम मला वाटले, प्रार्थना करतात. नंतर ध्यानी आले की ते हात एखादी वही मिटावी तसे मिटतात. मग चेहरा असा होतो, जणू कुणी त्यांच्याकडे बघत आहे आणि त्यांना मान वळवता येत नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती बाबांना कळवू नकोस. कल्पना ताईंनी माझ्या अभ्यासासाठी मोबाईलवर रेकॉर्डिंग करून दिले. घरी येऊन इअरफोन लावून ऐकले. त्यांचे वाक्य येते, मग ते थांबतात, आणि त्या थांबण्याच्या आधी एक श्वास ऐकू येतो. कुणी बोलण्यापूर्वी घेते तसा. तो त्यांचा नव्हे. ते दूर आहेत, श्वास मोबाईलच्या अगदी जवळ आहे. मोबाईल हॉलमध्ये टीपॉयवर होता. सोफ्यावर मी एकटी होते, आणि मी बोलण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर तो श्वास आहे. "सांग, तू कोण?" नंतरही आहे. तिथे मात्र तो घेतला जातो आणि सोडला जात नाही.

मी भयभीत झाले, तथापि जाणे सोडले नाही. आणि गेल्या गुरुवारी ते पडद्यामागून प्रथमच नाटकाबाहेरचे बोलले. अगदी साध्या, ऑफिसातल्या आवाजात.

"गजभिये बाई, आज उशीर केलात."

आजी, मी त्यांना माझे आडनाव कधीही सांगितले नव्हते.

आपली आज्ञाधारक,
प्राची


भंडारा
२ सप्टेंबर २०२४

प्राची,

तिथे जाणं ताबडतोब थांबव. कारण विचारू नकोस.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'जाहला', 'पृच्छा', 'तथापि'. माझ्या वर्गात असतीस तर मी तुला पैकीच्या पैकी दिले असते. आज मात्र वाचून मी ते पालथं घालून ठेवलं. तू 'यार' लिहिणारी मुलगी आहेस. तशीच राहा. आईशी बोल, मैत्रिणींशी बोल, हिंदीत भांड हवं तर.

माझी चूक झाली. मी तुला पाठवायला नको होतं.

आजी


आर. के. पुरम
१२ सप्टेंबर २०२४

चंदा आजी,

मी परवा गेले होते. तू नको म्हणालीस तरी गेले. आता मला खरं सांग.

परवा मी ठरवलं होतं की आज शेवटचं. चार वाजता ते सुरू झाले. मी झेरॉक्स उघडलीच नाही. तरी त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर माझं तोंड आपोआप उघडत होतं आणि मी ते वाक्य म्हणत होते. मोठ्यानं. माझा आवाज माझा वाटत नव्हता. मी सोफ्यावरून कधी उठले ते मला आठवत नाही. मी हॉलच्या मधोमध उभी होते, आणि नाकात काहीतरी जड होतं. आजी, मी चमकीसुद्धा घालत नाही. समोर खिडकी आहे, तिच्यातून बाहेर समोरची बिल्डिंग दिसते, पण मला तिथे माणसं दिसत होती. रांगाच्या रांगा. बायका शाली पांघरून बसल्या होत्या. आणि "सांग, तू कोण?" आलं.

मी थांबले. मला माहीत नव्हतं. मी पडद्याकडे बघितलं. पडदा थोडा बाजूला होता, आणि साठे आजोबा माझ्याकडे बघत होते. त्यांना वाक्य येत होतं. बिल्कुल येत होतं, त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि त्यांनी हात मिटले.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. एक माणूस म्हणाला, "ह्या लोकांच्या जिभेला हे शब्द कुठले जमायला!" आणि मग खूप जण हसले. खूप वेळ.

कल्पना ताईंनी मला हलवून जागं केलं. त्या किचनमध्ये होत्या. म्हणाल्या, "दोघी कोण बोलत होतात? मला दोन बायकांचे आवाज आले."

घरी येऊन बाबांना विचारलं, आपल्या घरातलं कोण दिल्लीत नाटकात होतं? बाबा कपडे इस्त्री करत होते. शर्ट जळायला आला तेव्हा कुठे त्यांनी इस्त्री उचलली. मग म्हणाले, "कौशल्या आत्या. चंदा आत्याची मोठी बहीण. माझ्या लहानपणी तापानं गेली म्हणतात. तुझ्या भाऊराव आजोबांनी तिचा फोटोसुद्धा लावू दिला नाही."

तुला हे माहीत होतं. तू मला मुद्दाम पाठवलंस. मी तुझ्याकडे अव्हेरचा अर्थ विचारायला आले होते आणि तू मला तिथे नेऊन उभं केलंस. का? वीस तारखेपासून माझी परीक्षा आहे. मला रात्रभर ते हसणं ऐकू येतं.

प्राची


भंडारा
२७ सप्टेंबर २०२४

प्राची बाळा,

ह्या चार ओळींखालचं सगळं मी तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहिलं होतं. शेवटचा पेपर होईपर्यंत ते तुझ्या हातात पडू नये म्हणून पेटीत ठेवलं. तुझ्या बाबाला, सुगतला, वेगळं कार्ड टाकून कळवलं होतं की परीक्षेच्या दिवसांत तुझ्याजवळ बसून राहा. तो बसला असेल.

कौशल्या ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. भंडाऱ्यातून टायपिंग शिकून दिल्लीला सरकारी नोकरीला लागलेली आमच्यातली पहिली मुलगी. तिला वाचनाचं वेड. तिथल्या मराठी मंडळींनी शीलमंजिरी बसवायचं ठरवलं, मंजिरीसाठी बाई मिळेना, तेव्हा हिनं हात वर केला. काही जणांना ते रुचलं नाही. दिग्दर्शक हिच्या प्रत्येक शब्दाला टोकायचा. "असं नाही, शुद्ध म्हणा." हिनं जिभेला वळण लावलं. घरी पत्र लिहायची तेही पुस्तकातल्यासारखं लिहायला लागली. अगदी तू ऑगस्टात लिहिलंस तसं. म्हणून मी घाबरले.

तिला अख्खं नाटक पाठ होतं. प्रयोग फेब्रुवारी बहात्तरमध्ये झाला, रविवारी दुपारी चारला, एका शाळेच्या सभागृहात. तिसऱ्या अंकात राजानं विचारलं, "सांग, तू कोण?" आणि तिला शब्द आठवेना. पुढचं तू पाहिलंस. मी नव्हते तिथे. तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस.

पडदा पाडला. ती मागच्या दारानं त्याच पोशाखात निघून गेली. तिसऱ्या दिवशी यमुनेच्या काठाला सापडली. भाऊरावदादा जाऊन आला. आल्यावर त्यानं सगळ्यांना ताप सांगितला, आणि कोणी काही विचारलं नाही.

तिनं त्या संध्याकाळी टाकलेलं पोस्टकार्ड ती गेल्यावर आम्हाला मिळालं. दादानं वाचलं नाही. मी वाचलं. एवढंच होतं: "चंदे, मी साठ्यांकडे पाहिले. त्यांनी वही मिटली."

का मिटली, ते मला बावन्न वर्षांत कळलं नाही. ते विचारायला मी स्वतः जायला हवं होतं. मी तुला पाठवलं, नाटकाचं निमित्त करून. माझ्यात त्याच्यासमोर उभं राहायचं बळ नव्हतं.

आणि एक खोटं बोलले. पान एकसष्ट माझ्याकडे आहे. ताईची नक्कल आहे, म्हणजे नट आपापल्या कामाची हातानं लिहून घेतात ती वही. दादाला ती तिच्या खोलीवर सापडली. तू जुलैत लिहिलंस की तो तिथे येऊन अडतो, त्याला धाप लागते. मला बरं वाटलं. म्हटलं, अडू दे. मरेपर्यंत अडू दे. त्यानं एका बाईला शब्द दिला नाही, मीही देणार नाही. पण तिथे तो एकटा अडलेला नाही, प्राची. तो श्वास घेऊन उभी आहे ती माझी बहीण आहे. तिला मी कशी अडवून ठेवू?

ते वाक्य असं आहे:

"मी कोण, हे आपण पुसता? ज्या मृत्तिकेवर हे आपले सिंहासन अधिष्ठित आहे, त्या मृत्तिकेची मी दुहिता!"

मृत्तिका म्हणजे माती. दुहिता म्हणजे मुलगी. सगळ्या नाटकात एवढंच एक वाक्य ताईला फार आवडायचं. तिनं वहीत त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

तू परत जायची गरज नाही. कल्पनाबाईंना पोस्टानं पाठवलंस तरी चालेल. गेलीस तर एकटी जाऊ नकोस, आणि हॉलमध्ये उभी राहू नकोस.

मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव.

आजी


आर. के. पुरम
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आजी,

पेपर झाले. बरे गेले. बाबा रोज सेंटरच्या बाहेर बसून राहिले, डबा घेऊन, लहान मुलीला आणतात तसे. त्यांना सगळं वाचायला दिलंय. ते खूप रडले. आता त्यांनी कौशल्या आत्याचा फोटो कुठे मिळेल म्हणून तुझ्याकडे विचारायला सांगितलंय.

गुरुवारी आम्ही दोघं द्वारकेला गेलो. बाबा खाली गाडीत बसणार होते, पण मेन गेटपाशी म्हणाले, "नाही, मीही येतो."

मी तुझं ऐकलं. हॉलमध्ये उभी राहिले नाही. मी, बाबा आणि कल्पना ताई, तिघंही पडद्याच्या आतल्या बाजूला होतो. मी साठे आजोबांच्या खुर्चीजवळ खाली बसले. पलीकडे हॉल रिकामा. दाराला आतून कडी. कल्पना ताईंनी स्वतः लावली होती, आणि बाबांनी परत एकदा बघून घेतली.

चार वाजता ते सुरू झाले. वाक्य, थांबणं, वाक्य, थांबणं. इतक्या जवळून मला त्यांच्या शर्टच्या स्टार्चचा वास येत होता. राजाचं वाक्य आलं आणि त्यांचे हात मिटायला लागले. मी त्या दोन हातांच्या मध्ये तुझं पत्र ठेवलं, ते वाक्य वर येईल असं दुमडून. हात पूर्ण मिटेनात. त्यांनी खाली बघितलं.

खूप वेळ गेला, आजी. मग त्यांनी वाचलं. कुजबुजून नाही, चांगलं खणखणीत. शेवटचा शब्द म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

आणि पलीकडे कुणीतरी श्वास सोडला.

मग ती बोलली. आम्ही तिघांनी ऐकलं. पडद्याच्या पलीकडे, रिकाम्या हॉलमध्ये, एका बाईनं ते पूर्ण वाक्य म्हटलं. मला वाटलं होतं आवाज भुतासारखा असेल, दुरून येणारा. तसा नव्हता. तरुण होता, थोडा जाड, आणि अगदी ठाम. काचेची शोकेस थरथरली. 'दुहिता'वर ती जराही घाई न करता थांबली, जसं कुणाला टोकायचंच असेल तर आता टोका. त्यानंतर ती पुढचं सगळं भाषण म्हणाली, पान बासष्टपर्यंत, एकदाही न अडता. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय.

कुणी हसलं नाही.

साठे आजोबा रडत होते. त्यांनी पडद्याकडे तोंड करून साधं, आपल्यासारखं बोलायला सुरुवात केली. मी आठवेल तसं लिहिते. "बाई, तुम्हाला माझी कधीच गरज पडली नाही. सहा महिने मी वही घेऊन बसलो, तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्या दिवशी पाहिलंत. मला वाटलं, एक क्षण बघू दे. एकच क्षण. मग ते हसायला लागले, आणि मला वही उघडायची लाज वाटली."

एवढंच कारण होतं, आजी. तू बावन्न वर्षं विचारत होतीस ते एवढंच.

कल्पना ताईंनी सासऱ्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. नुसत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मला वाटलं संपलं. मग हळू आवाजात, जसं चप्पल घालता घालता बोलतात तसं, ती म्हणाली, "चंदे, जातो वो मी घरी."

पडदा उघडला तर कुणी नव्हतं. कडी तशीच होती.

काल कल्पना ताईंचा फोन आला. साठे आजोबा आता चार वाजता पडद्यामागे जात नाहीत. पलंगावर पडून असतात, आणि कुणी खोलीत आलं की विचारतात, "बाई गेल्या का?"

एक विचारायचं राहिलं. बाकी सगळं ती इतकं शुद्ध बोलली. मग शेवटी 'जातो' का म्हणाली? 'जाते' पाहिजे ना? की तो आवाज बाईचा नव्हताच? ह्या एका शब्दानं मला परत भीती वाटायला लागलीय.

माफ करायचं मी अजून ठरवलेलं नाही. पण दिवाळीनंतर भंडाऱ्याला येतेय.

तुझी,
प्राची


भंडारा
१५ ऑक्टोबर २०२४

माझ्या प्राचीला,

भिऊ नकोस. तिचं चुकलेलं नाही.

आमच्याकडे बायकाही 'येतो', 'जातो', 'करतो' असंच म्हणतात. माझी आई तसंच बोलायची, मीही बोलायचे. शाळेत शिकवायला लागले तेव्हा सोडलं. पुढे दादा नोकरीला दिल्लीत गेला, सुगत तिथेच वाढला, त्याला ते सांगायचं कोणी राहिलं नाही, आणि त्याच्याकडून तुझ्यापर्यंत ते आलंच नाही. दिग्दर्शकानं ताईचं पहिलं काय सोडवलं असेल तर ते हेच. तालमीच्या त्या सहा महिन्यांत तिनं घरी एकदाही 'जातो' लिहिलं नाही. त्या शेवटच्या कार्डावरसुद्धा 'पाहिले', 'मिटली', सगळं पुस्तकी. ते वाचून मला तेव्हा सगळ्यात जास्त रडू आलं होतं, की मरतानाही हिला आपल्या घरच्यासारखं बोलता आलं नाही.

तेव्हा तुझ्या त्या कठीण शब्दांच्या यादीत हा एक घाल आणि पुढे लिही: जातो, म्हणजे मंजिरीचं काम संपलं आणि आमची कौशल्या बोलली.

फोटो एक आहे. सुगतसाठी काढून ठेवला आहे. टाइपरायटरसमोर बसलेली आहे आणि फोटो काढणाऱ्यावर चिडलेली दिसते.

साठ्यांबद्दल काय वाटतं ते मला सांगता येत नाही. कारण कळल्यावर राग कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही. पण आता तो माझ्या उशाशी बसत नाही.

आणखी एक लिहू की नको, असा दोन दिवस विचार करत होते. तू गुरुवारचं लिहिलंस. शनिवारी पहाटे मी नेहमीसारखी अंगण झाडायला उठले, तर ते झाडून झालं होतं. पाणी शिंपडलेलं, माती ओली, आणि खराटा भिंतीशी उलटा टेकवलेला. मी कधी उलटा टेकवत नाही. त्या दिवसापासून रोज तसंच आहे. शेजारच्या प्रणिताला विचारावं असं एकदा मनात आलं होतं. विचारलं नाही.

हल्ली मी जरा उशिरा उठतो.

आजी